मुंगीच्या नावातला जास्तीचा एच

९ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपार

वही, माफ कर. एप्रिलनंतर तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण लिहिलं असतं तर ते परत वाचावंही लागलं असतं. आज उघडली ती वकीलबाईंमुळे. त्या म्हणाल्या, "आधी तुमच्या भाषेत लिहून आणा. कायद्याचे कपडे मी चढवते." तर हा मसुदा.

मी, वय वर्षं सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा धातूवर अक्षरं कोरण्याचा, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हात स्थिर आहे. येत्या अठरा तारखेला माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधं आहे. पण साध्या कामातच माझ्या हातून जास्त चुका झाल्या आहेत, म्हणून हे आधी उरकते. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असंही म्हणायचं असतं. माणसांच्या दडपणाखाली नाही. एकोणीस वर्षं एका हेव्याच्या दडपणाखाली आहे, त्याची नोंद करावी लागते का, हे विचारायचं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं काही कोरीवकाम शिकवणाऱ्या संस्थेला दिलं होतं. संस्थेचा मला फार पुळका होता असं नाही. धाकट्या बहिणीच्या घरात माझं काही जाऊ नये, एवढाच हेतू होता.

कलम १. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या बाबांकडून माझ्याकडे आल्या. माझ्यामागे त्या धाकटीच्या मुलीला मिळाव्यात. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण रांगायला लागल्यापासून ती काही ना काही उचलून इकडचं तिकडे नेत असे. आता एकोणीस वर्षांची आहे, भूगर्भशास्त्र शिकते. दुकान चालवलंच पाहिजे अशी अट नाही. विकायचं तर विकावं. मागच्या भिंतीला ओल आहे, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

तिचं कागदावरचं नाव वकीलबाईंच्या फॉर्मवर स्वतंत्र लिहिलं आहे. नाव साधंच, त्या वर्षी जन्मलेल्या दर चौथ्या मुलीचं असेल असं. धाकटीनं त्याच्या स्पेलिंगमध्ये मधेच एक एच घातला आणि शेवटचा ए दोनदा लिहिला. मी दवाखान्यातच विचारलं, का गं? म्हणाली, "ताई, लिहून बघितलं. छान दिसलं."

एवढंच कारण. फॉर्म भरणाऱ्या नर्सनं तीनदा विचारलं, "नक्की ना? पुढे पोरीला त्रास होतो हो." मी नर्सच्या बाजूनं मान डोलावली. धाकटी उशीला टेकून म्हणाली, "त्रास झाला तर बदलेल की ती. तिचंच नाव आहे."

त्रास होणार याची मला खात्री होती, आणि मी त्याची वाट बघत बसले. लसीच्या कार्डावर एच गळाला. शाळेत हजेरी घेताना बाई रोज अडखळायच्या. पासपोर्टचा अर्ज परत आला. प्रत्येक बातमीला मी तोंडानं अरेरे म्हटलं आणि मनातून मला बरं वाटलं. पण मुंगीला त्याचा त्रास असा झालाच नाही. सहा वर्षांची असताना ती माझ्याबरोबर बँकेत आली होती. काउंटरवरच्या गृहस्थांनी तिच्या वहीवरचं नाव बघून विचारलं, "हा एच कुठून आला गं?" ती म्हणाली, "तो झोपलेला असतो. त्याला उठवायचं नाही." काउंटरमागचे तिघंही हसले. ते गृहस्थ अजून मला विचारतात, "काय म्हणते तुमची झोपलेल्या एचवाली?" वीस वर्षं त्या बँकेत जाते. माझं नाव त्यांना अजून पासबुकावरून वाचावं लागतं.

कलम २. हत्यारं. बाबांच्या हातच्या सात कोरण्या, लाकडी मुठीच्या, आणि पितळी अक्षरांच्या साच्यांवर चालणारं जुनं यंत्र मुंगीलाच द्यावं. नवीन यंत्र विकावं. त्याच्यावर कोणाचा जीव नाही.

सर्वांत बारीक कोरणीबद्दल लिहायला हवं. बाबांचा दुकानात एकच नियम होता. गिऱ्हाइकानं नाव स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची. ती चिठ्ठी यंत्रासमोर टाचायची आणि तिच्याकडे बघूनच कोरायचं. "चिठ्ठीत जसं, तसं. आपलं डोकं लावायचं नाही." काम झालं की चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात जायची. कोणी भांडायला आलं की डबा उघडायचा. चाळीस वर्षांचे डबे माळ्यावर आहेत. त्यात मुलांच्या नावांच्या अशा चिठ्ठ्या सापडतील की एका नावात तीन ई, एका नावात काना आणि त्यावर टिंब, एका जोडप्यानं काउंटरवरच भांडून फाडलेली आणि मग चिकटवलेली. एक आजोबा नातवाची पाटी दोनदा करून घेऊन गेले, एक मुलाला दाखवायला आणि एक स्वतःच्या कपाटात ठेवायला, त्यांच्या मते 'बरोबर' स्पेलिंगची. मी त्यांना हसले नाही. मला ते समजत होते.

मी वीस वर्षांची असताना बाबांना विचारलं होतं की माझ्या नावातलं एक अक्षर कमी केलं तर चालेल का. कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. ते अक्षर मला जड वाटायचं, पायात काही अडकल्यासारखं. बाबांनी वर न बघता म्हटलं, "नाव काय तुझ्या मालकीचं आहे?" मी फॉर्म होता तसा भरला. पुन्हा विषय काढला नाही. त्यांनी तरी का काढावा?

मुंगी बारा दिवसांची झाली तेव्हा धाकटीनं चिठ्ठी आणली. मला वाटलं, आता ऐकवतील. बाबांनी चिठ्ठी हातात धरली, लांब केली, जवळ आणली आणि हसले. "अक्षरं छान बसतायत गं." मग यंत्राला न लावता, ती बारीक कोरणी घेऊन, दोन दिवस बसून त्यांनी पाळण्यासाठी पितळेची पाटी हातानं कोरली. डोळ्यांना त्रास होत होता तरी. मी बाजूला बसून एका कारखान्याच्या चाळीस पाट्या कोरत होते, सगळ्या चिठ्ठीबरहुकूम.

बाबांना जाऊन तेरा वर्षं झाली. त्यांच्यावरचा राग मी मृत्युपत्रानं कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

कलम ३. बँकेतली ठेव धाकटीला. तिला माफ केलं असं लिहिणार होते, पण तिनं माझं काही बिघडवलेलंच नाही. हेच मला सोसत नाही. तिनं न विचारता केलं आणि निभावलं. मी विचारून विचारून राहिले.

कलम ४. हे कलम तीनदा खोडून लिहिलं आहे. मुंगी दहा वर्षांची असताना शाळेत पोहण्यात पहिली आली. शाळेचे कप माझ्याकडेच कोरायला यायचे. खेळाचे सर मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेऊन गठ्ठा आणून देत. मुंगीची चिठ्ठी तिच्या स्वतःच्या अक्षरात होती, एच जरा मोठा, जाणूनबुजून. मी ती यंत्रासमोर टाचली, तिच्याकडे बघितलं आणि एच न घालता, एकाच एनं, चारचौघांसारखं नाव कोरलं. हात घसरला नाही. घाई नव्हती. दुपार होती, चहा पिऊन झाला होता.

बक्षीस समारंभात मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मुंगीनं मंचावर कप घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि खाली उतरली. संध्याकाळी धाकटी दुकानात आली.

"ताई, चिठ्ठी कुठंय?"

"नावं शाळेकडून आली तशीच कोरली. सरांनीच यादी उतरवून दिली होती."

"मुलांनी स्वतः लिहिल्या म्हणाली ही."

"मग तुझ्या लेकीची हरवली असेल. मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी धाकटी सरांना चार पालकांसमोर बोलली. तो भला माणूस खाली बघून म्हणाला, "माझ्याकडून राहून गेलं असेल." त्यांना खरंच तसं वाटलं असावं. मी कप परत कोरून देते म्हटलं, तर मुंगी म्हणाली, "नको मावशी, राहू दे." घरी जाऊन तिनं वर मार्करनं एच काढला आणि तो कुठे जातो हे दाखवायला खाली छोटा बाण केला. शाई पुसली जाते. ती दर वर्षी परत काढते. कप त्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात आहे आणि मला बसायला नेहमी त्याच्या समोरची खुर्ची मिळते. पाहुणे आले की धाकटी कौतुकानं सांगते, "सख्ख्या मावशीच्या दुकानात चुकलं, बोला." सगळे हसतात. मीही हसते.

ती चिठ्ठी मी फाडली नाही. डब्यात आहे, त्या वर्षाच्या.

हे सगळं असताना पहिलं कलम का बदललं? जुलैमध्ये तपासण्यांसाठी मुंगी माझ्याबरोबर हॉस्पिटलला आली. खिडकीतल्या मुलीनं माझं नाव चुकीचं टाइप केलं. मी म्हटलं, असू दे. मुंगीनं मला बाजूला घेतलं.

"मावशी, तुझं नाव कसं लिहायचं?"

"आधारकार्डावर आहे तसं."

"ते मला दिसतंय. तुला कसं आवडतं?"

सत्तेचाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिला कॉलेजच्या फॉर्मचं सांगितलं, ते जड अक्षर सांगितलं. खिडकीवर तिनं कागदावरचंच लिहायला लावलं, तिथे इलाज नव्हता. पण रिक्षात बसल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला. माझा नंबर होता, वर माझं नाव, एका अक्षरानं हलकं. "आता तुझा फोन आला की अशी दिसशील," ती म्हणाली. मला रडू आलं असतं, पण त्याआधी तोच जुना हेवा वर आला. इतकं सोपं होतं का हे? आणि हिलाच कसं जमतं?

मग परवा वकीलबाईंनी फॉर्म दिला. "वारसाचं नाव कागदोपत्री आहे तसंच हवं. एक अक्षर इकडंतिकडं झालं की पोरीला खेटे घालावे लागतील, कदाचित मिळणारही नाही." घरी येऊन मी फॉर्म भरला. वाळत ठेवला, पेन बंद केलं, मग बघितलं. एच नव्हता. शेवटी एकच ए.

सवय, असं स्वतःला सांगून पाहिलं. गेली एकोणीस वर्षं भेटींवर, पत्रांवर मी तिचं नाव तसंच लिहीत आले आहे, हे खरं. पण अक्षरं कोरून पोट भरणारी बाई मी. माझा हात मला विचारल्याशिवाय काही लिहीत नाही. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं तिला खेटे घालायला लावायचं, हे मी करून बसले होते. फॉर्म फाडला. दुसरा भरला, एक एक अक्षर तपासून. दिसतं छान, हे कबूल करते. बाबांचं बरोबर होतं.

चौथ्या कलमाचं काय करायचं ते विचारलं तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "बंद पाकिटात ठेवा. तुमच्यामागे तिला मिळेल." मला ते पटलं होतं. पाकीटही आणलं. आज लिहिता लिहिता लक्षात आलं की माझ्यामागे तिला माझ्यावर ओरडता येणार नाही, दुकान माझ्या तोंडावर फेकता येणार नाही, आणि शेवटचा शब्द माझाच राहील. हेवा करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

म्हणून चौथं कलम मृत्युपत्रातून काढावं. ते मुंगीला समोर बसवून सांगायचं, चिठ्ठी तिच्या हातात द्यायची, आणि सही त्यानंतर. ती नको म्हणाली तर पहिलं कलम नव्यानं लिहावं लागेल. खेळाच्या सरांचा पत्ता काढून त्यांच्याकडेही जायचं आहे. मला सगळ्यांत भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ती म्हणेल, "अगं मावशी, एवढंच?" आणि सोडून देईल. तेही तिला सहज जमेल, आणि त्याचाही मला हेवा वाटेल.

कलम ५. माझ्या नावाची कुठे पाटी लावायची वेळ आली, तर स्पेलिंग मुंगीच्या फोनमध्ये आहे ते घ्यावं. तिनं फोनमधून पुसलं असेल, तर कागदावरचं.

साक्षीदार पहिले: शेजारच्या दुकानातले शिंपीकाका. काल विचारलं. म्हणाले, "मला काही ठेवलंयस का?" नाही म्हटलं. "मग करतो. ज्याला मिळतं त्याची सही चालत नाही म्हणतात."

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या चष्मेवाल्या बाई. सहीआधी सगळं वाचून बघणार म्हणाल्या. बघू देत.

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकीकडचं टेबल.

दिनांक: सही होईल तो.

सही: अजून नाही.

उद्या: मुंगी कॉलेजला निघायच्या आत, सकाळी आठला, तिला फोन करणे.