मधल्या खोलीचा वारा

मी, सुलाबाई केरू पगारे, वय अडुसष्ट, राहणार नाशिक रोड, माझ्या पश्चात काय करायचं ते राजीखुशीने सांगते आणि शेजारचे सहादू मास्तर लिहून घेतात. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी बोलतंय कुठे?

१. माझ्या नावचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. पुढची थोरल्या जयरामला, मागची धाकट्या लहानूला. रेडिओच्या आवाजावरून दोघांचं बिनसलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या मधल्या खोलीची दोन्ही दारं आपापल्या बाजूने कडी लावून बंद. मला जायचं तर हाक मारावी लागते. आता मधल्या खोलीतून भिंत घालून वाटणी करायची म्हणतात. दोन वर्षांत एकमत झालं ते एवढ्यावरच.

२. मधलीला खिडकी नाही, काचेच्या कौलातून उजेड येतो. तिथे मी, माझी ऑर्किडं, अँथुरियम आणि नेचे. मालक रेल्वेत, इगतपुरीला होतो तेव्हा ही झाडं धुक्यावरच जगायची. इथे बदली झाली आणि कोरड्या हवेत पानांची टोकं करपली. मग मी ओली गोणपाटं टांगली, कुंड्यांखाली थाळ्यांत खडे आणि पाणी ठेवलं, पुढून मागे वारा खेळता ठेवला. झाडांनी जीव धरला. दारं लागली तशी तीच ओल कोंडली, पानांवर काळे डाग, मुळं कुजली. पाणी कमी केलं तर टोकं पुन्हा करपली. ओल हवी तसा वाराही हवा, हे सांगून तोंड दुखलं. जयराम म्हणे, "आई, टाकून दे ती झाडं." लहानू म्हणे, "आधी दादाला उघडायला सांग." मी थकले बाई.

३. या उन्हाळ्यात डाग थांबले. मी काहीच केलं नव्हतं. एका दुपारी डोळे मिटून पडले होते, मुलं ड्यूटीवर. मागच्या दाराआडून धाकटी सून साळू हळूच म्हणाली, "ताई, उघडू का?" पुढचं दार किलकिलं करून थोरली लता म्हणाली, "उघड गं. म्हातारी झोपलीय. हे यायच्या आत लाव म्हणजे झालं." अंगावरून वारा गेला. दोघी माझ्या उशाशी बसून चहा प्यायल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. मी डोळे उघडले नाहीत. लय बरं वाटलं, आणि रडूही आलं.

४. म्हणून मधली खोली झाडांसकट लता आणि साळू, दोघींच्या नावे. एकीने दुसरीला न विचारता विकू नये, भिंत तर घालूच नये. मुलांचा त्या खोलीवर हक्क नाही. चहा प्यायला यावं.

५. रेडिओ जयरामचाच. मेल्यावर तरी मला ऐकवू नये.

नाशिक रोड, ३ जून १९८४.

सुलाबाई केरू पगारे, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार:
सहादू मास्तर, शेजारी.
चिमाजी गवंडी. भिंतीचं माप घ्यायला बोलावला होता. माप घेतलं नाही. दोन्ही दारांच्या कड्या काढून दिल्या.