जाळी कोणी काढली

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? जड उचलू नकोस. ऐकणार नाहीस, तरी सांगते.

इथलं बरं नाही. कारखान्यात कापड पिळायच्या यंत्रात एका बाईचा हात गेला. कोपरापासून कापावा लागला. रुळांपुढे जाळी असते, ती महिन्यापूर्वीच काढली होती, काम झपाट्याने उरकावं म्हणून. काढायला लावली आपल्या दादाने, त्या खात्याचा साहेब तोच ना. मला तोंडी सांगितलं, मी चिठ्ठी टाइप करून, सही करून खाली पाठवली. आज अहवालही मीच टाइप केला. जाळी त्या बाईनेच काढली, असं दादा माझ्या खुर्चीमागे उभा राहून सांगत होता. आवाज अगदी मऊ.

बाबांचं घड्याळ त्याने विहिरीत टाकलं आणि बाबांनी आठ दिवस अबोला धरला तो तुझ्याशी, आठवतं? पंधरा तारखेला चौकशीला मोठे साहेब येणार आहेत. मी काय करू?

तुझी,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण ऐक. त्या बाईचा हात काही परत येणार नाही, दादाचं घर मात्र उठेल. वहिनीला सातवा महिना लागलाय. तो मनाने वाईट नाही गं, भित्रा आहे. घड्याळाच्या वेळी मीच आपणहून पुढे झाले होते. त्याची ती अवस्था बघवेना.

झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. एवढं माझं ऐक.

तुझी,
ताई

ता. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. साहेबांना सगळं खरं सांगितलं.

मग दादाला आत बोलावलं. मी असं काही सांगितलंच नाही म्हणाला. चिठ्ठीवर सही माझी एकटीची. घाईत तिने भलतंच ऐकलं असेल, पण बहीण आहे, तिला सांभाळून घ्या, असं म्हणून त्याने डोळे पुसले. साहेबांनाही गलबलून आलं म्हणे. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. दादाकडे आता कारखान्यातली दोन खाती आहेत.

काल त्या बाईच्या घरी गेले. तिने बसही म्हटलं नाही. दादासाहेब म्हणजे देवमाणूस, दर रविवारी येतात, उशाशी बसून विचारपूस करतात, असं तिची सासू सांगत होती. मग त्या बाईने मला एवढंच विचारलं, की चिठ्ठी तूच लिहिलीस ना. मी हो म्हटलं. लिहिली होतीच, ताई. तिच्या रिकाम्या बाहीकडे बघून दादाचं नाव मात्र घेतलं नाही. तिने डाव्या हाताने दार लोटून घेतलं.

रागावली असशील. रागावूनच का होईना, दोन ओळी लिही. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी