कर्ण्यातला भुंगा

आई,

आमच्या दुकानात मालकांनी रेडिओ आणला आहे. तू हे यंत्र पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. एक लाकडी पेटी मुंबईचं गाणं पकडते आणि तिला जोडलेला काळा कर्णा ते मोठ्याने ऐकवतो. सायकलींची पंक्चरं काढून झाली की त्याची देखभाल माझ्याकडे. संध्याकाळी महाडच्या बाजारातली माणसं दुकानाच्या फळीवर बसून ऐकतात. पोलादपूरकडचे काही जण त्यापायी गाडीसुद्धा चुकवतात.

दसऱ्याला वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, पान्या-हातोड्यांबरोबर कर्ण्याचीही पूजा केली. पूजा नीट पोचावी म्हणून तो पाटावर उताणा ठेवला, तोंड आढ्याकडे करून. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी पेटी लावली, तर गाणाऱ्या बाईंच्या घशात भुंगा अडकल्यासारखा आवाज. "बाईंना पडसं झालंय," फळीवरचा एक जण म्हणाला. मालकांना मात्र हसू आलं नाही. "आतला पडदा फाटला असणार. संध्याकाळपर्यंत बघ. तुझ्याच्याने झालं, तर यापुढे यंत्रांचं काम तुझं. नाहीतर कर्णा मुंबईला जाईल आणि तू पंक्चरंच काढ."

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी तारा पुसल्या, स्क्रू आवळले, फळीवरचे तेलाचे डबेसुद्धा खाली उतरवले, न जाणो तेच थरथरत असतील. शेवटी कर्णा सोडवून पेटीला कानावर लावायची हेडफोनची जोडी जोडली. तिच्यात बाईंचा गळा स्वच्छ. म्हणजे पेटी चांगली, दुखणं कर्ण्याचं. आता त्याचा तळ उघडायचा. पण आतला लोखंडी पडदा इतका पातळ की जरा वाकला तर कायमचा गेला. मी स्क्रू-ड्रायव्हर धरून बसलो आहे आणि मला एकदम तू दिसतेस, कुंभाराच्या पथारीसमोर उकिडवी बसलेली.

तू एकेक मडकं कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवते आहेस. कुंभार वैतागतो. "बाय, मडकं घेतेस का सून?"

"सून बोलून दाखवंल. मडक्याला इचारावं लागतं."

एक मडकं बद्द वाजलं. कुंभार म्हणाला, "त्ये ठेव, तडकलेलं हाय." तू त्यात हात घातला नाहीस. पालथं केलंस, बुडावर दोन थापा मारल्यास, आणि आतून गवताची ओली गुंडाळी पडली. पुन्हा वाजवलंस, तर खणखणीत. "तडकलेलं नाय. त्याच्या पोटात हाय कायतरी," तू मला म्हणालीस. "आधी पालथं करून बघावं रे, मग नावं ठेवावी."

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. कर्णा पालथा धरून मानेवर हलक्या थापा मारल्या. पाटावर तांदूळ पडले, कुंकवाने लाल झालेले. वहिनींच्या अक्षता थेट पडद्यावर जाऊन बसल्या होत्या. जोडल्यावर बाईंचा घसा मोकळा झाला. वहिनी दारातून म्हणाल्या, "माझी पूजा बाहेर काढलीस होय रे?" मालक पोट धरून हसले. त्या दिवसापासून यंत्रांचं काम माझ्याकडे आहे. पुढच्या दसऱ्याला कर्ण्याच्या तोंडावर फडकं बांधायचं, हेही ठरलं आहे.

तुला अक्षर येत नव्हतं, तरी मी यातले ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. पत्र पाठवायला पत्ता नाही. परवा मी बाजारातून एक मडकं आणलं, खूप वाजवून. खरं सांगायचं तर मी खाणावळीत जेवतो, मला मडक्याचं काही काम नाही. आता हे पत्र घडी करून त्यातच ठेवतो. उद्या कुणी ते वाजवलं तर बद्द वाजेल, तडकलेलं आहे म्हणतील. मी काही बोलणार नाही.