वसंतदादाची जर्मनी

भाईंदर, १२ ऑगस्ट १९३६, संध्याकाळ

आज सूड उगवला एकदाचा. जर्मनीच्या सायकल-सहलीत तिथल्या जुन्या गावांतून भर पावसात सायकल हाणली मी. चुलतभाऊ वसंतदादा मात्र आमचे बिछाने घेऊन मागून येणाऱ्या मोटारीत कोरडा बसून होता. आणि परतल्यापासून गावभर सांगतोय, "सायकलवरून अख्खी जर्मनी पाहिली!" माझा भिजलेला कोटसुद्धा त्याने गोष्टीत स्वतःच्या अंगावर चढवला. तो कोटच मला जास्त झोंबला.

आज देवळापुढे पुन्हा तेच. मी मास्तरांची सायकल मागून आणली. म्हटलं, "दादा, खाडीपर्यंत चक्कर मारून दाखव." सगळे बघत होते, नाही कसं म्हणणार? चढला आणि दहा हातांवर मिठागराच्या चिखलात आडवा. लोक पोट धरून हसले.

वहिनी धावत आली. त्याला उठवताना म्हणाली, "भावोजी, झालं समाधान?"

झालं. इथे तरी खोटं कशाला लिहू?