योहानचं नाव

इंदापूर, रविवार संध्याकाळ, १९३२

आज चर्चमधल्या प्रार्थनेत मी बादशहांचं नाव घेतलं, मामलेदारसाहेबांचं घेतलं. दारूच्या दुकानापुढं धरणं धरून तुरुंगात गेलेल्या योहानचं घेतलं नाही. मागच्या बाकावर फौजदार येऊन बसले होते ना!

सत्तेला मान द्यावा, असं पाळक म्हणून मीच शिकवतो. पण कैद्यासाठी प्रार्थना करू नका, असं कुणी सांगितलं होतं मला?

उपासना संपल्यावर योहानची आई, सगुणाबाई, पुढं आली. पाळकासाठी घरून आणलेली ज्वारीची मूठ तिनं नेहमीसारखी टोपलीत टाकली. म्हणाली, "पाळकसाहेब, माज्या योहानचं नाव इसरला व्हय?"

"हो, विसरलो," म्हणालो. साफ खोटं.

आत्ता या रिकाम्या घरात गुडघे टेकून त्याचं नाव मोठ्यानं घेतलं. पण त्याआधी उठून दाराला कडी घातली.