पदभ्रमण मार्ग क्रमांक सात

प्रति,
मा. विभागप्रमुख,
उद्याने, पायवाटा व पर्यटन विभाग,
बेलोब्रेग नगरपालिका, बेलोब्रेग, बल्गेरिया.

विषय : आर्मेनियन चर्चसमोरील स्मारकाचा दगड सहलीच्या नकाशातून वगळून त्यावर मूळ शब्द कोरून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले अभिनंदनाचे पत्र, दि. २८ एप्रिल २०२५.

अर्जदार : ओनिक साहाच्यान, वय ६७, धंदा कॉफी भाजून विकणे, दुकान सदर दगडासमोर.

महोदय,

आपण अभिनंदन केलेत त्याबद्दल प्रथम आभार. नगरपालिकेकडून आम्हा आर्मेनियनांना आलेले हे पहिलेच आनंदाचे पत्र, म्हणून मी ते दुकानात काचेखाली लावले होते. अभिनंदन कशाबद्दल आहे हे माझ्या आत्याने वाचले आणि ते काढायला लावले. सबब हा अर्ज.

१. सन १९१५ मध्ये ऑटोमन (तुर्की) राज्यात आमच्या लोकांना घरांतून बाहेर काढून वाळवंटाकडे पायी हाकलले आणि मारले. सदर दगड त्यांच्या स्मरणार्थ आहे. माझी आजी येघसापेत तेव्हा नऊ वर्षांची होती. ती चालली आणि वाचली, म्हणून आज आपणास माझा त्रास होत आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी आत्या सिरपुही, एक्याण्णव वर्षांची आहे. दगडावर ‘नरसंहार’ हा शब्द वाचून मग डोळे मिटायचे, एवढीच तिची इच्छा आहे.

२. आम्ही तोच शब्द मागितला होता. आपल्या सांस्कृतिक विभागाने कळविले की, शेजारच्या तुर्कस्तानातून फ्रिजचा कारखाना गावात येऊ घातला आहे, तरी शब्द सौम्य करावा. आम्ही ‘कत्तल’ लिहून दिले. त्यावर, चौकातून शाळेची मुले जातात, असा शेरा आला. मग ‘जीवितहानी’ सुचविले. तेव्हा मृतांचा आकडा मूळ गावच्या सरकारी कार्यालयाच्या शिक्क्यानिशी सादर करण्यास सांगण्यात आले. ज्यांनी मारले त्यांच्याकडूनच दाखला आणायचा, हे आम्हास जमले नाही. चौथा शब्द ‘स्थलांतर’. तो निवडणुकीच्या तोंडावर नको, असे ठरले. शेवटी विभागातील श्रीमती देनित्सा यांनी मला कळकळीने सांगितले, “काका, एका शब्दासाठी किती अडून बसाल हो? दगड तर मिळतोय ना! ‘प्रवास’ लिहा, कुणाचं काही म्हणणं नाही.” खरोखरच कुणाचे काही म्हणणे नव्हते. ठराव एकमताने आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

३. येथे आमचीही चूक मान्य करतो. गावात आम्ही जेमतेम तीनशे आर्मेनियन, पण मंडळे दोन, आणि ती १९२६ पासून एका टेबलावर बसलेली नाहीत. प्रत्येक नव्या शब्दावर दोघांनी धावत जाऊन सह्या केल्या, कारण एकाने नकार दिला असता तर फीत कापायचा मान दुसऱ्याला गेला असता. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, त्यातला हा प्रकार. फीत अखेर उपमहापौरांनी कापली.

४. दगडावर आता असे कोरलेले आहे : ‘१९१५ साली पायी प्रवास केलेल्या आर्मेनियन बांधवांच्या स्मरणार्थ’. आपल्या विभागाने ते वाचून या जागेची नोंद ‘आर्मेनियन पदभ्रमण मार्ग क्र. ७’ अशी केली. नकाशात पुढे लिहिले आहे : सोपा, कुटुंबासह करण्याजोगा, कुत्र्यांस मुभा.

५. तेव्हापासून पाठीवर पिशव्या लावलेले लोक दुकानात वाट विचारायला येतात. एप्रिलच्या चोवीस तारखेला, आमच्या स्मृतिदिनीच, सोफियाहून एक तरुण जोडपे आले. आत्या दगडाजवळ फुले घेऊन बसली होती. मुलीने तिला विचारले, “आजी, वाट इथूनच सुरू होते ना? मध्ये कुठे पाणी मिळतं का?”

आत्या म्हणाली, “नाही गं बाळा. माझ्या आईला सतरा दिवसांत दोनदाच मिळालं. तेही एका तुर्क गाडीवानानं चोरून पाजलं, म्हणून ती जगली.”

मुलीने आधी स्वतःची बाटली आत्याच्या हातात दिली, मग दगड पुन्हा वाचला, आणि तिथेच रडू लागली. मलाही आवरले नाही. दोघे दुपारपर्यंत आमच्याकडे बसले आणि कुठेही चालत गेले नाहीत. शब्द लिहिल्याने तुर्कांचा अपमान होतो, असे आपल्या कार्यालयात कुणाला वाटत असल्यास नमूद करतो की, त्या गाडीवानासाठी आत्या आजही दर रविवारी मेणबत्ती लावते.

६. त्याच रात्री जेवताना आत्या मला म्हणाली, “मला मातीत घालायच्या आधी तेवढं नीट लिहून घे रे. वर गेल्यावर आईला काय सांगू? तू फिरायला गेली होतीस म्हणून?” तिला द्यायचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

७. आता आपल्या पत्राबाबत. मार्ग लोकप्रिय झाला म्हणून आपण अभिनंदन करून दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, ‘समाप्ती’चा फलक कुठे लावावा? तर देर झोरच्या वाळवंटात, जिथे आमच्या लोकांना नेऊन सोडले. तो आपल्या हद्दीबाहेर येतो. दुसरी, थकलेल्यांसाठी एक बाक मंजूर आहे, तो मार्गावर कुठे बसवावा?

आजीचा भाऊ मिहरान पाच वर्षांचा होता. नवव्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला बसला आणि उठेना. शिपायाने आजीला पुढे ढकलले. मागे वळून पाहायचे नाही, असा हुकूम होता आणि तिने तो पाळला. त्यामुळे ती जागा नेमकी कोणती, हे तिला पुढे पंच्याहत्तर वर्षे आठवून आठवूनही सांगता आले नाही. आपल्या विभागास ती सापडल्यास बाक तिथे बसवावा. न सापडल्यास बाक नको, शब्द द्यावा.

तरी मार्ग क्र. ७ रद्द करून दगडावर ‘नरसंहार’ हा शब्द कोरण्यास परवानगी मिळावी. कोरणावळ मी देईन. दोन्ही मंडळांना यावेळी विचारलेले नाही.

अर्ज नामंजूर करावयाचा असल्यास कृपया पत्र पाठवू नये. आत्याला चष्म्याशिवाय वाचता येते. आपण स्वतः यावे आणि तिच्यासमोर बसून तिला सांगावे. ती दिवसभर घरीच असते. कॉफी मी करीन.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,
ओनिक साहाच्यान
बेलोब्रेग, दि. १२ मे २०२५

सोबत :
१) सांस्कृतिक विभागाची चार पत्रे, प्रत्येकी एक शब्द कमी करणारी.
२) मार्ग क्र. ७ चा नकाशा. ‘सोपा’ या शब्दाखालील रेघ आत्याने मारली आहे.