तू पडद्यावरच्या पोरीसाठी रडलीस

आई, परवा लेकीबरोबर घरी टीव्हीवर एक सिनेमा पाहिला आणि तुझा फार राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं लोक म्हणतील. म्हणू देत.

दापोडीतला गणपती आठवतो तुला? रस्त्यात बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचे. पुढं पुरुषांची गर्दी, म्हणून आपण बायकापोरी पडद्याच्या मागं पोती अंथरून बसायचो. मागून सगळं उलटं दिसायचं, हिरो डाव्या हातानं जेवायचा, तरी तुम्ही बायका डोळे फाडून बघायचात. मी नववीत होते त्या वर्षी सिनेमात माझ्याएवढीच पोर होती. घरातल्याच माणसानं तिच्यावर हात टाकला. मग ती बोलेना, जेवेना, केस सोडून खिडकीत बसून राहिली. शेवटी विहीर. तू तोंडात पदर कोंबून हुंदके देत होतीस. शेजारणीला म्हणालीस, "सुटली गं बाई बिचारी!"

मी पडदा सोडून तुझ्याकडंच बघत होते. कारण मामानं माझ्याशी काय केलं ते आखाडातच मी तुला सांगितलं होतं. हा तुझ्या माहेरच्या गावचा, तुझा मानलेला भाऊ. त्यानंच बाबांना पिंपरीच्या कंपनीत चिकटवलं, म्हणून त्याचं जेवणखाण आपल्याकडं. माझं ऐकून तू परातीतलं पीठ मळतच राहिलीस. "कुनाला बोलू नगंस," एवढंच म्हणालीस. "त्यांच्या शब्दावर तुझा बाप कामाला लागलाय." मला वाटलं, तुला नीट कळलंच नसेल. आता पडद्यावर पाहिलंस, रडलीस, आता तरी कळलं असणार. त्या आशेवर मी झोपले, आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

सकाळी रात्रपाळी करून मामा येतो. तुझे डोळे अजून सुजलेले आहेत. तू पाट मांडतेस, भाकरीवर तुपाची धार सोडतेस आणि मला हाक मारतेस, "मामाला पानी दे गं." मी तांब्या नेऊन ठेवला. भाऊबिजेला तू त्याला ओवाळलंस, तेव्हा तेल घालायला मला समईपाशी उभं केलंस. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला मराठीच्या बाईंना शिकवावं लागलं नाही.

परवाच्या सिनेमातली पोरही खिडकीतच बसली होती. बाहेर पाऊस, मागं व्हायोलिन. शेवटी समुद्र बघून हसली आणि बरी झाली. मला राहवेना. म्हटलं, "काहीतरीच दाखवतात! ती पोर शाळेत जाते. तिला भूक लागते. मैत्रिणींत खिदळते, प्रमेयं पाठ करते, आणि दारात चपला वाजल्या की हातातलं भांडं पडतं तिच्या." लेकीनं टीव्ही बंद केला, माझ्याकडं वळली आणि हळूच विचारलं, "कोण होतं गं, आई?"

असं माझ्याकडं वळून तू एकदा तरी काही विचारायला हवं होतंस. हे लिहिलेलं धाडायचं तरी कुठं, राहील साड्यांखाली. लेकीला मी मामाचं सगळं सांगितलं. पण तुला एक सांगते. तिनं "कोण" विचारलं तेव्हा माझ्या ओठांवर आधी तूच आली होतीस.